मधला वेळ

३ जुलै, गुरुवार

सकाळपासून पावसाने झोडपलंय. तरी २२ पैकी १९ मुलं आली. कुडाळकडच्या मुलांना पावसाचं काही वाटत नाही, उलट डबक्यातून चालायला मिळतं म्हणून लवकर निघतात.

आज वहीतल्या खुणा मोजायला बसले. बालवाडी सुरू झाली तेव्हाच ठरवलं होतं की रडणं, ढकलणं, चावणं, हिसकाहिसकी जेव्हा होईल तेव्हा फक्त वेळ लिहायची, मुलाचं नाव नाही. तीन आठवड्यांच्या खुणा एकत्र पाहिल्या आणि गप्पच झाले. गोष्ट चालू असताना एकही खूण नाही. मातीकामाच्या वेळी मोजक्या. बाकी सगळ्या मधल्या वेळेतल्या: आल्या आल्या रेनकोट काढताना, ठोकळे आवरून हात धुवायला जाताना, डबा संपल्यावर, घरी सोडायच्या आधी. म्हणजे मी ज्याला वेळ मानतच नव्हते, त्या वेळात.

इतकी वर्षं मी तयारी करत आले ती गोष्टीची, चित्रांची, खेळाची. खेळातून गोष्टीकडे मुलं जाणार कशी, याची तयारी कधी केलीच नाही. तिथे मी आवाज चढवायचे. गेल्या वर्षी ‘चला, लवकर आवरा!’ असं मी सगळ्यांना मिळून ओरडले आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने दोन्ही कान गच्च धरले. तिने काही केलंच नव्हतं. वर्गाला म्हणून ओरडलेलं प्रत्येक मुलाला आपल्यालाच वाटतं, हे त्या दिवशी कळलं. ते कान धरलेले हात अजून डोळ्यांसमोर येतात.

म्हणून यंदा मधल्या वेळेवरच काम करते आहे.

पडवीत खडूने पावलं काढली, डावं-उजवं नीट दिसेल अशी. चप्पल त्या पावलांवर ठेवायची. पावसाने खडू पुसला जातो, तर मावशी आणि मी रोज सकाळी पुन्हा काढतो. छत्र्यांसाठी दोन जुन्या बादल्या ठेवल्या. ‘छत्री इथे टाकू नको’ म्हटलं की मूल छत्री हातात घेऊन नुसतं उभं राहतं, कारण कुठे ठेवू ते त्याला सांगितलेलंच नसतं. ‘छत्री बादलीत’ एवढं म्हटलं की काम होतं. ‘पळू नको’ऐवजी ‘चालत ये’. किती लहानसा बदल, पण जिभेला वळण लागायला मला आठवडा लागला. आणि हे लांबून म्हणून उपयोग नाही. जवळ जायचं, खाली बसायचं, नावाने हाक मारायची, आपल्याकडे बघितलं की मग सांगायचं.

आवरण्याचंही तसंच. ‘पाच मिनिटांत आवरा’ याला चार वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. त्याला पाच मिनिटं दिसत नाहीत, मनोरा दिसतो. मग मी म्हणते, ‘अजून एकदा मनोरा बांधा, एकदा पाडा, मग ठोकळे टोपलीत.’ पाडायला मिळतं म्हणून सगळे खूश, आणि शेवट त्यांच्याच हाताने होतो. टोपली भरताना मी रोज तीच चार ओळींची, स्वतः जुळवलेली चाल गुणगुणते. शब्द साधेच आहेत, ठोकळे घरी निघालेत एवढंच. आता मी सुरुवात केली की उरलेलं मुलंच म्हणतात.

सगळ्यात अवघड नळ. नळ एक आणि मुलं वीस. रांग लावली की मागची मुलं पुढच्यांच्या पाठीत डोकं घालणारच, ती तरी काय करतील? रांग बंद केली. सगळी सतरंजीवर बसतात, मावशी बोटांचे खेळ घेते आणि मी हाक देते: ‘ज्यांच्या कपड्यांत पिवळा रंग आहे त्यांनी या.’ मुलं आपले सदरे, फ्रॉक न्याहाळतात, बटणसुद्धा शोधून काढतात. आमच्याकडे गणवेश नाही हे किती बरं! आज एकाने चड्डीचा पिवळा धागा दाखवला. मी त्याला सोडलं. शोधलाय त्याने.

रडणाऱ्याचं लिहायचं राहिलं. तो लहानगा रोज दारात अंग टाकून ‘माका घराक जावचा आसा’ म्हणायचा. पहिल्या आठवड्यात मी त्याला प्रमाण मराठीत समजावत होते, ‘आई येणार आहे हं बाळा,’ आणि तो जास्तच रडत होता. मग एके दिवशी माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘जावया हां. पण आदी ह्या झाडाक पाणी घालूया.’ तो थांबला. घरची भाषा ऐकली म्हणून थांबला की हातात तांब्या आला म्हणून, कोण जाणे. दोन्ही असेल. आता रोज आल्यावर पडवीतल्या तुळशीला पाणी घालणं त्याचं काम. आज पाऊस एवढा होता की तुळस बुडायची वेळ आली होती, तरी त्याला घालू दिलं.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी शिकवलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नव्हती तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर पानं, बिया, शंख, खडे हीच साधनं झाली. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. आता टोपलीत फणसाच्या आठळ्या भरते तेव्हा त्या दोघींची आठवण येते. आठळ्या धुऊन वाळवल्या की काय सुंदर साधन होतं! मोजायला, लावायला, लहान-मोठ्या वेगळ्या करायला, आणि सहजी नाकात जात नाहीत. वाटाणे, हरभरे मी तीन वर्षांच्यांना देत नाही. ओल्या काजूबियाही नाहीत, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा तर दाराच्या आतही नकोत. लाल-काळ्या दिसायला गोड, पण चावली तर विष.

दुपारी एक आजी न्यायला आल्या. ‘बाई, तीन आठवडे झाले, अजून अ आ लिवक नाय शिकलो?’ त्यांचं चुकत नाही, शेजारचं मूल इंग्रजी शाळेत पानंच्या पानं गिरवतं. मी त्यांना आत बोलावलं. नातू ओल्या मातीच्या वळकट्या करत होता. म्हटलं, ‘आजी, मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतो तेव्हा ती मऊ असतात, एकेक करून टणक होतात. याची अजून सगळी झालेली नाहीत. आत्ता पेन्सिल धरायला लावली तर तो मुठीत धरेल, हात दुखेल आणि लिहिण्याचा कंटाळा करेल. माती मळली, कागद फाडले, कपड्यांचे चिमटे उघडझाप केले की बोटात जोर येतो.’ आजींनी नातवाची वळकटी हातात घेऊन बघितली. म्हणाल्या, ‘मगे घराकडे भाकरेचा पीठ दितंय मळूक.’ इतकं चांगलं मलाही सुचलं नव्हतं. उद्या बाकीच्या आयांनाही सांगणार.

परवा शनिवारी दिंडी. रविवारी आषाढी. मंदिर हाकेच्या अंतरावर आहे, पण रस्त्यावरून न्यायचं म्हणजे पोटात गोळा. दरवर्षी जोडीने हात धरायला सांगतो, आणि ओले हात सुटतात, पुढचे भराभर चालतात, मागच्यांना धावावं लागतं. यंदा जाड सुती दोरी आणली आहे. दीड-दीड हातावर गाठ, प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. आपला रंग धरायचा. आज खोलीतल्या खोलीत तीन फेऱ्या मारून बघितलं. एकानेही दोरी सोडली नाही, कारण धरायला काहीतरी आपलं होतं. पुढच्या टोकाला मी, मागच्या टोकाला मावशी.

अडचण आली ती विठोबाची. जो मुलगा विठोबा झालाय त्याने तालमीपासूनच दोन्ही हात कमरेवर ठेवलेत आणि काढायला तयार नाही. ‘विठोबा दोरी धरत नाय,’ असं ठाम सांगितलं त्याने. रागवायचं काय त्यात? शेवटी मावशीनेच वाट काढली. हात कमरेवर ठेवले की कोपराशी खिडकी होते. दोरी त्या खिडकीतून सैल जाईल, आणि तो मागच्या टोकाला, मावशीच्या पुढ्यात चालेल. करून बघितलं. चालला.

बावीस गाठी झाल्या. जांभळी चिंधी कमी पडते आहे, जुन्या परकराची काढावी लागेल.