उजवीकडे अधिक, डावीकडे अधिक

माझ्या एका कॅमेऱ्याची लेन्स समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की बसते. दुसऱ्याची काट्यांच्या दिशेने. पहिला निकॉन, दुसरा ऑलिंपस. लक्षात ठेवायला एवढंच आहे आणि ते मला पाठही आहे. बोटांना पाठ नाही. लेन्स माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या कड्यावर, टेकवली की ती आधी चुकीच्या दिशेने जोर लावतात, मग थबकतात, मग मी त्यांची समजूत काढतो. तोवर समोरचा बगळा उडून गेलेला असतो.

सुरुवातीला एकच होता. काळा, थोराड, आत आरसा असलेला निकॉन आणि त्याच्या तीन लेन्स. एकदा दिवसभराच्या पायपिटीनंतर खांदा असा धरला की दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा एक छोटा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. फक्त फिरायला न्यायला. हे 'फक्त' फार फसवं असतं. ऑलिंपसची बॉडी आली, तिच्यासोबत एक लेन्स आली. जुने फिल्टर त्या लेन्सच्या तोंडावर बसेनात म्हणून नवे आले. बॅटरीचा आकार वेगळा, म्हणून जादा बॅटरी, आणि तिच्यासाठी चार्जर. मेमरी कार्ड तेवढं दोघांना चालतं, म्हणजे जेवणखाण एकत्र पण सोयरिक नाही. मग एक लांब पल्ल्याची लेन्सही आली, कारण एवढा हलका कॅमेरा आहे तर पक्षी का टिपू नयेत? वर्षभरात त्या 'फिरायच्या' कॅमेऱ्याला स्वतःची वेगळी बॅग लागायला लागली, आणि माझा खांदा होता तिथेच आला.

लेन्स उलटी फिरवली तर निदान ती बसत नाही, चूक लगेच कळते. खरा घात एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटोतला उजेड कमी-जास्त करायच्या, पट्टीने होतो. माझ्या निकॉनमध्ये, आणि त्या काळच्या बहुतेक निकॉन डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांमध्ये, अधिकचं चिन्ह डावीकडे आणि उणे उजवीकडे असतं. ऑलिंपसमध्ये शाळेतल्या संख्यारेषेसारखं, अधिक उजवीकडे. दोन महिने छोटाच वापरात होता. एका पहाटे दाट धुकं पडलं म्हणून मोठा बाहेर काढला. धुक्यासमोर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो. समोरचं सगळं पांढरं त्याला जास्त उजेडाचं वाटतं आणि तो ते राखाडी करून टाकतो. म्हणून आपण एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवायचा असतो. मी मोठ्या आत्मविश्वासाने खूण एक घर उजवीकडे सरकवली. म्हणजे एक स्टॉप वाढवायच्या जागी एक स्टॉप कमी केला, हवा होता त्याच्या एक चतुर्थांश प्रकाश. घरी येऊन बघतो तर फोटोत धुक्याऐवजी धूर. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या, फाइल होत्या म्हणून थोडं सावरता आलं, पण झाडांच्या बुंध्यांवर जे रवाळ दाणे उठले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. कॅमेऱ्याची यात काडीइतकी चूक नाही. पडद्यावरही काळोखच दिसत होता, पण पहाटेच्या अंधारात तो मला पडद्याचा वाटला.

फिल्मच्या काळात दोन कॅमेरे गळ्यात अडकवायला सबळ कारण असायचं. एकात कृष्णधवल रोल, दुसऱ्यात रंगीत. रोल अर्धवट असताना बदलणं म्हणजे ताप. पण ते दोन कॅमेरे बहुधा एकाच जातीचे असत, लेन्स इकडची तिकडे चालायची आणि बोटांना एकच भाषा यावी लागायची. सगळेच काही तसे नव्हते. युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा 6 जून 1944ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे दोन कॉन्टॅक्स होते आणि शिवाय एक रॉलीफ्लेक्स. कॉन्टॅक्स डोळ्याला लावायचा. रॉलीफ्लेक्स पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत वाकून बघायचं, आणि तिथे डावं उजवीकडे दिसतं. त्या गदारोळात या माणसाची बोटं कशी काय गोंधळली नसतील? माझी बगळ्यासमोर गोंधळतात.

डेव्हिड डग्लस डंकन या छायाचित्रकाराची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. 1950मध्ये टोकियोत त्याने निकॉनवाल्यांच्या निकॉर लेन्स पाहिल्या, त्यांच्या रेखीवपणावर खूश झाला आणि कोरियाच्या युद्धात आपल्या लायका कॅमेऱ्यांवर त्या लावून फोटो काढले. अंग जर्मन, डोळा जपानी. तेव्हा निकॉर लेन्स लायकाच्या आट्यांच्या माउंटमध्येही बनत, त्यामुळे मध्ये काही जोडकाम लागत नसे. मला लागतं.

निकॉनच्या एफ माउंटच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असायची तिथपर्यंतचं, अंतर 46.5 मिलिमीटर, 1959 सालापासून तेच. ऑलिंपस ज्या मायक्रो फोर थर्ड्स घराण्यातला आहे, तिथे ते 19.25. मधल्या 27.25 मिलिमीटरमध्ये एक पोकळ धातूची नळी बसवली, आत काच वगैरे काही नाही, की निकॉनची लेन्स ऑलिंपसवर चालते. उलट्या बाजूने जमत नाही. छोट्याची लेन्स मोठ्यावर लावली तर ती सेन्सरपासून इतकी दूर राहते की डोंगर सोडा, समोरच्या झाडावरही फोकस होणार नाही. तर माझी जुनी, हाताने फोकस करायची 50 मिलिमीटरची लेन्स या नळीतून छोट्यावर चढते आणि 100 मिलिमीटरसारखं, दुप्पट जवळचं, दाखवायला लागते. चेहऱ्यांसाठी झकास. पण ती चढवणं ही एक वेगळीच करमणूक आहे. नळी कॅमेऱ्यावर बसते काट्यांच्या दिशेने, आणि लेन्स नळीत बसते काट्यांच्या उलट. म्हणजे लेन्स घट्ट करायला जी दिशा, तीच नळी सैल करायची. मधे कुलपाची खिट्टी आहे म्हणून निभावतं. काढताना मात्र माझी बोटं सपशेल हरतात. लेन्स काढायला जातो आणि नळीसकट हातात येते.

सेन्सरच्या आकारावर लोक रात्री जागवतात. मोठ्याचा 36 गुणिले 24 मिलिमीटर आणि छोट्याचा 17.3 गुणिले 13, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ एक चतुर्थांश, म्हणजे अंधारात मोठा जिंकणार. मान्य, पुढे चला. मला त्या आकारापेक्षा चौकटीची ठेवण जास्त छळते. मोठ्याची चौकट तीनास दोन, लांबोडकी. छोट्याची चारास तीन, जरा गुबगुबीत. मोठा हातात असला की मी माणसाला एका कडेला उभं करतो आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत, नुसतं पाणी सोडून देतो. छोटा हातात असला की त्या भिंतीची अडचण वाटते, मी चार पावलं पुढे जातो. हे मी ठरवून करत नाही. मोठ्याची जागा छोट्याने घेतली की तासाभरात पाय आपोआप बदलतात. बोटांना वर्षानुवर्षं जे साधत नाही ते पायांना तासात साधतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दारातून निघताना रोज तोच पेच. मोठा नेला की वाटेत एखादा सुतार पक्षी हाकेच्या अंतरावर येऊन बसतो आणि लांब पल्ल्याची हलकी लेन्स घरी असते. छोटा नेला की संध्याकाळी दिव्याच्या उजेडात कोणीतरी असं हसतं की मोठ्याच्या आठवणीने जीव तळमळतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तो हा. मग कधीतरी हट्टाने दोन्ही नेतो. त्या दिवशी एकही धड होत नाही, सगळा वेळ बॅगेची चेन उघडण्यात आणि लावण्यात जातो.

असाच दोन्ही घेऊन परवा तळ्यावर गेलो होतो. घरी आल्यावर दोन्ही कार्डं संगणकावर रिकामी केली आणि फोटो वेळेनुसार लावले. दोन्ही कॅमेऱ्यांच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक होता हे तेव्हा कळलं. बगळा आधी उडाला आणि मग काठावर येऊन बसला. शेजारी बसून बघणारी बायको म्हणाली, "हे दोघांनी काढलेत का? सोबत कोण होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही, मीच." तिने दोन फोटोंवर बोट ठेवलं. एकात बगळा कोपऱ्यात, बाकी सगळं पाणी. दुसऱ्यात बगळा चौकटभर, मानेची वेलांटीसुद्धा दिसत होती. "यातला तुझा कुठला?"

निकॉनच्या फाइलचं नाव डीएससीने सुरू होतं. ऑलिंपसच्या नावात पी आणि त्यापुढे महिना नि तारीख, त्यातही ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला आकड्यांऐवजी ए, बी, सी. मी चश्मा पुढे ओढला आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचू लागलो.