पंगत उठल्यावर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी मानसशास्त्रज्ञाला भेटायचं म्हटलं की बहुतेकांना ती पास-नापासाची परीक्षा वाटते. मग सगळे छान छान बोलतात. हे केटरर गृहस्थ मात्र (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहिल्याच भेटीत मोकळेपणी बोलले होते. "मॅडम, भुकेपायी मी खातच नाही. दिवसभर नुसती चव बघायची. रात्री पंगती उठल्या, भांडी टेम्पोत चढली, पोरांचे पैसे दिले, की बासुंदीचं पातेलं घेऊन बसतो. तेव्हा कुणी हाक मारत नाही."

वजन 132 किलो, मधुमेह जुना, म्हणून सर्जननी गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) सुचवली होती. दारू वर्षातून एखाददोनदा, असं दोघा नवरा-बायकोंनी सांगितलं, आणि ते खरं होतं. बायपासनंतर ती पूर्ण बंद, हे मी बजावलं. शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञांकडे ते नेमाने जायचे. माझ्याकडे यायचं राहून जायचं, कारण वजन उतरत होतं आणि सगळे खूश होते.

सहा महिन्यांनी आले तेव्हा काट्यावर 98. इन्सुलिन सुटलेलं. ओपीडीतल्या सिस्टर कौतुक करत होत्या. पत्नी मात्र दाराशीच उभ्या राहिल्या. "मॅडम, हे आता रोज पितात. एवढं पोट कापलं तरी जीभ सुटत नाही यांची."

मी विचारलं, "कधी घेता?" म्हणाले, "रात्रीच. काम उरकलं की." बासुंदी एकदा खाऊन पाहिली, तर दरदरून घाम आणि छातीत धडधड. बायपासनंतर गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरला की असं होतं. मग एका कामगाराने ग्लास पुढे केला. जठराची इवलीशी पिशवी उरलेली असते, त्यामुळे दारूही तशीच थेट लहान आतड्यात जाते आणि पटकन चढते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. इथे सहाव्या महिन्यातच ते समोर बसलं होतं.

"इच्छाशक्ती नाही" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ज्याने महिनोन्‌महिने वाटी-चमच्याने मोजून खाल्लं, त्याला इच्छाशक्तीचे धडे काय द्यायचे? मी विचारलं, "पूर्वी त्या वेळेला तुमच्यासोबत कोण असायचं?"

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "धाकटा भाऊ. हिशेब तोच करायचा. एकाच ताटात जेवायचो. 2021 च्या लाटेत गेला. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."

पत्नी आत येऊन बसल्या. दिराचा विषय त्यांनी घरात कधीच काढू दिला नव्हता, हे त्यांनीच मला सांगितलं.

त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची भेट करून दिली. यकृताच्या तपासण्या झाल्या, आणि बी1 जीवनसत्त्वही सुरू केलं, कारण बायपास आणि दारू दोन्हींमुळे ते कमी पडतं. माझ्याकडचं काम वेगळं होतं. वजनाचा विषय बाजूला ठेवून आम्ही बराच काळ फक्त भावाबद्दल बोललो.

आता मोठ्या कार्यक्रमांना पत्नी सोबत जातात, हिशेब त्या करतात. मध्यंतरी एका लग्नात ते पुन्हा प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच फोन करून सांगितलं. तुळशीची लग्नं लागली की त्यांचा मोसम सुरू होतो. त्याआधीची भेट आम्ही आत्ताच ठरवून ठेवली आहे.