विहिरीची वही घेऊन जनसुनावणीला

दिवाळीनंतरची पहिली वेचणी चालू होती, तेव्हा कोतवालाने मुनादी दिली. कोळसा खाण वाढणार आहे, महिन्याभराने शाळेच्या मैदानावर जनसुनावणी. आमचं शेत चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात. धुऱ्यावर उभं राहिलं की खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर दिसतो. झाडावर पांढरा दिसणारा कापूस चिमटीत चोळला की बोटं काळी होतात, आणि व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो.

"काहून जातं बाई तिथं? त्यायचं सारं ठरलेलं असते," शेजारच्या काकू म्हणाल्या. चुलतभावाचं म्हणणं वेगळं होतं. जमीन गेली तर दोन एकरांमागे एक नोकरी मिळेल, ही आशा त्याने कोरडवाहू शेतीला कंटाळून धरली आहे. त्याला मी चूक म्हणणार नाही. पण नोकरी जमीन जाणाऱ्याला मिळते. ज्याची जमीन जात नाही आणि विहीर मात्र आटते, त्याचं काय, हे कोणी बोलत नव्हतं. आम्ही त्यातले.

पर्यावरणीय मंजुरीचे नियम १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत. सुनावणीआधी किमान ३० दिवस नोटीस द्यावी लागते. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी वाचायला मिळायला हवा. एका कार्यालयात मला "तसं काही आलं नाही" असं सांगितलं. मी तिथेच कागद मागून अर्ज लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. दोन दिवसांनी अहवाल टेबलावर होता. तेव्हापासून शिक्क्याशिवाय मी कोणताही कागद देत नाही.

मराठी सारांश काही पानांचा, त्यात आमच्या गावाचं नाव एकदाच. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याला बसवलं आणि पाच रात्री आम्ही तो चाळला. हवेच्या आकड्यांत माझी मती चालेना, म्हणून ते सोडून पाण्याचं प्रकरण धरलं. तिथे विहिरींचा तक्ता सापडला. आमच्या गावातल्या एकाच विहिरीची नोंद होती, तीही पावसाळा संपल्यावरची.

पावसाळ्यानंतर आमच्याकडे कोणती विहीर भरलेली नसते? खरं दिसतं ते वैशाखात. खाणीचा खड्डा विहिरीच्या तळापेक्षा कितीतरी खोल जातो. भोवतालच्या थरांतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि खाण कोरडी राहावी म्हणून पंपाने उपसून नाल्यात सोडलं जातं. खाण खोल गेली तसं आमच्या विहिरीचं पाणी उतरू लागलं, म्हणून दोन वर्षांपासून मी दर अमावस्येला ते मोजत होते. दोराला हातहातावर गाठी, खाली दगड आणि शाळेची एक वही. ती वही सुनावणीत उपयोगी पडेल असं तेव्हा मनातही नव्हतं.

बचत गटातल्या बायकांनी एकच निवेदन झेरॉक्स करून सगळ्यांच्या सह्या घ्यायचं ठरवलं होतं. मी हट्टाने नाही म्हटलं. जिच्या भिंतीला ब्लास्टिंगने तडे गेले तिने तड्यांचं लिहावं, जिच्या पोराला रात्रभर खोकला तिने त्याचं. आजीबाईंचं म्हणणं भाच्याने त्यांच्याच शब्दांत उतरवलं. सोळा कागद झाले, सोळाही वेगळे.

सुनावणीच्या दिवशी मंचावर अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष होते, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रतिनिधी, समोर व्हिडिओ कॅमेरा. एक निवृत्त गुरुजी बोलले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं सर्वांत प्रदूषित होतं, हे त्यांनी सांगितलं. ताडोबाजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध चंद्रपुरात झालेल्या उपोषणाची आठवणही काढली. ती खाण झाली नाही. तिथे वाघाचं जंगल होतं, त्याच्यासाठी लांबची माणसंही बोलली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या शेतासाठी आम्हालाच बोलायचं होतं.

माझी पाळी आली तेव्हा माईक धरलेला हात थरथरत होता. नाव, गाव सांगितलं आणि वही उघडली. "तुमच्या तक्त्यात आमच्या विहिरीचं पाणी आठ हातांवर आहे. वैशाखात मी मोजलं, ते एकवीस हातांवर होतं. उन्हाळ्याची मोजणी तक्त्यात का नाही?" कंपनीच्या सल्लागाराने भूजलाबद्दल बरंच सांगितलं. मी पुन्हा तेवढंच विचारलं. "उन्हाळ्यातली मोजणी करू," ते म्हणाले. हे वाक्य लिहून घ्या, अशी मी अध्यक्षांना विनंती केली.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की हात वर केले की खाण थांबेल. सुनावणीत मतदान नसतं. मंचावरचे अधिकारी मंजुरी देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. तिथलं इतिवृत्त पुढे तज्ज्ञ समितीकडे जातं, म्हणून त्यात जे उतरलं नाही ते पुढच्यांसाठी घडलंच नाही. शेवटी ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर निम्मं मैदान उठलं होतं, बायकांना मी पदर धरून बसवलं. वाचनात ब्लास्टिंगचे तडे राहून गेले होते. आम्ही उठून सांगितलं आणि ते घातले गेले.

पुढे मंजुरी मिळाली, ग्रामपंचायतीत तिची प्रत आली. काकू काही बोलल्या नाहीत, चहा मात्र त्यांनीच केला. ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. पुण्याच्या फेऱ्या आणि वकील हे आम्हाला झेपणारं नव्हतं. ते दुःख अजून आहे. पण मंजुरीच्या अटींत गावातल्या विहिरी पावसाळ्यापूर्वी आणि नंतरही मोजायची अट आहे. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो.

जूनचा पहिला अहवाल भाच्याने मोबाइलवर उघडला. तक्त्यात आमची विहीर होती, मे महिन्याच्या रकान्यात मीटरमध्ये आकडा. मी दोर अंगणात पसरला, भाच्याने टेपने गाठी मोजल्या. त्यांच्या आणि माझ्या आकड्यांत दोन हातांचा फरक निघाला. त्याचा अर्ज आज लिहिला आहे, उद्या शिक्का घ्यायला जाणार.