तेलाखालची लसूण

कृषी विज्ञान केंद्रात मी गृहविज्ञान विषय सांभाळते. गावोगावच्या बचत गटांपुढे पाककृतींची प्रात्यक्षिकं करणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. सातारा जिल्ह्यातल्या उत्तर कोरेगावात जायचं असलं की पिशवीत वाघ्या घेवडा असतोच. दाण्यावर लालसर पट्टे असलेला हा घेवडा खरिपात थोडक्या दिवसांत हाताशी येतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बराचसा माल राजमा म्हणून पोत्यातून बाहेर जातो आणि पिकवणाऱ्या घरात त्याची उसळ, आमटी एवढंच होतं. या बायकांच्या हाताला त्यातून चार पैसे जास्त मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून भाजलेली लसूण आणि घेवडा यांचा स्प्रेड मी तिथे शिकवायला घेतला.

कृती साधी आहे. पाव किलो घेवडा रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवायचा. इथे घाई चालत नाही. कच्च्या घेवड्यात एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळून उकळल्यावरच जातं, नुसत्या कोमट आचेवर जात नाही आणि मग उलट्या-जुलाब होतात. लसणीच्या दोन मोठ्या गड्ड्या न सोलता चुलीच्या फुफाट्यात पुरायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने पाकळी दाबली की आतला गर लोण्यासारखा बाहेर येतो. लसूण ठेचली की तिचा झणका तयार होतो. अख्खी भाजली तर तो झणका तयार करणारं विकर (एन्झाइम) आधीच निकामी होतं, म्हणून भाजलेल्या लसणीत फक्त गोडी उरते. मग दोन्ही एकत्र वाटायचं, शिजवलेलं पाणी लागेल तसं घालायचं, वर लिंबू, मीठ, भाजलेलं जिरं आणि घाण्याचं शेंगदाणा तेल. ज्वारीच्या भाकरीवर लावून दिला की पोरंसुद्धा दुसऱ्यांदा मागतात.

एके दिवशी मी हा स्प्रेड शिकवलेल्या एका गटाकडे पुन्हा गेले होते. मुंबईला बचत गटांच्या मालाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात काय न्यायचं, हे ठरवायचं होतं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या, चहा झालेला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या आणि पदराखालून काचेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. आत स्प्रेड भरलेला, वर बोटभर तेलाचा थर, झाकण घट्ट.

"मॅडम, तुमी शिकिवलंवतं त्येच. लोणच्यावानी वर त्याल सोडलंय. दहा दिस फळीवर हाय, बगा, कायबी झालं न्हाई. चाखून बगा की."

बरणी खरंच देखणी होती. रंग बदललेला नव्हता, बुरशीचा ठिपका नव्हता. बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या पोटात मात्र गोळा आला होता.

मी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, घरात कुणी खाल्लं का यातलं?"

"तुमाला दावल्याबिगर कशी उगडीन?"

तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. मी बरणी हातात घेतली, पण झाकण उघडलं नाही. चाखणार नाही, आणि तुम्हीही कुणी चाखायचं नाही, हे शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला. दहा दिवस जपून ठेवलेली वस्तू होती ती. म्हणून मी सरसचा विषय बाजूला ठेवला आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून बोलायला लागले.

लसूण मातीत वाढते. मातीत बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट, झोपलेली रूपं असतात. फुफाट्यात भाजताना पाकळीत ओल असेपर्यंत आतलं तापमान पाणी उकळण्यापलीकडे जात नाही, आणि हे बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. ते नुसते पडून असतात तोवर सहसा काही बिघडत नाही. पण हवा बंद झाली, भरपूर ओल मिळाली, आंबटपणा कमी पडला आणि वर उबदार फळी मिळाली की ते जागे होतात आणि विष तयार करतात. या बरणीत चारही गोष्टी एकत्र होत्या. वरच्या तेलाने हवा तोडली होती. त्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. ते पोटात गेलं की साधारण बारा ते छत्तीस तासांत एकाचं दोन दिसायला लागतं, पापण्या मिटतात, बोलताना जीभ जड होते, घास गिळवत नाही. श्वासाचे स्नायू थांबले तर माणूस जातो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९८५ साली एका हॉटेलात तेलातली चिरलेली लसूण फ्रिजबाहेर ठेवलेली होती. ती खाऊन ३६ माणसं आजारी पडली.

सभागृहात कुणी हललं नाही. मग प्रश्न आले, आणि ते इतके नेमके होते की मला त्या बायकांचा अभिमान वाटला.

"आमची लसणाची चटणी तर महिना महिना ऱ्हाती."

कारण ती कोरडी असते. खोबरं, तीळ, लसूण सगळं भाजून पाणी घालवलेलं, वर भरपूर मीठ. जिवाणूला प्यायला पाणीच नाही. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा राखण करतात. तेल वरची बुरशी अडवतं, पण सगळी राखण तेलाची नसते.

"कुकरच्या एवढ्या शिट्ट्या दिल्या की, त्यानं न्हाई मेलं व्हय?"

कुकरमध्ये घेवडा होता, लसूण नव्हती. शिवाय बरणी भरली ती बाहेर, उघड्यावर.

"आन् लिंबू वाढिवलं तर?"

हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ४.६ च्या खाली गेला तर हे बीजाणू वाढत नाहीत, हे खरं. पण घेवड्याचा गर आंबटपणा गिळून टाकतो आणि घट्ट वाटणात लिंबू सगळीकडे सारखं पोचेल याची खात्री नाही. जिभेला आंबट लागलं म्हणजे सामू उतरला असं होत नाही. तो मीटरवर मोजावा लागतो, आणि विकायचा माल असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा लागतो. अंदाजाने बरणी भरून मुंबईला पाठवायची परवानगी मी कुणाला देणार नाही.

बरणीचं काय करायचं हेही तिथेच करून दाखवलं. न उघडता मोठ्या पातेल्यात आडवी ठेवली, वर दोन-चार बोटं येईल एवढं पाणी ओतलं आणि झाकण ठेवून अर्धा तास उकळली. त्या विषाला उष्णता सोसत नाही, बीजाणूला सोसते. गार झाल्यावर ती बांधून कुत्र्यामांजरांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरली. मावशींनी स्वतः माती लोटली.

मग सरसचा विषय पुन्हा निघाला. स्प्रेड न्यायचाच, पण तिथे रोज ताजा करायचा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून भाकरीवर लावून विकायचा. संध्याकाळी उरला तर टाकायचा. घरी करणाऱ्यांसाठी नियम असा ठरला: फ्रिजमध्येच ठेवायचा, तीन-चार दिवसांत संपवायचा, वर तेल सोडायचं नाही.

टिकाऊ माल हवा असेल तर पाणी घालवायला हवं, हे मावशींनी चटणीच्या उदाहरणावरून स्वतःच पकडलं. उकडलेला घेवडा सुकवून पीठ करायचं, गिऱ्हाइकाने त्यात गरम पाणी मिसळायचं, ही त्यांची सूचना. अडचण लसणीची आहे. भाजलेली लसूण गोड आणि चिकट असते, एकटी वाळत नाही. म्हणून आता आम्ही घेवडा आणि लसूण एकत्र वाटून ताटात पातळ पसरतो आणि केंद्रातल्या ड्रायरमध्ये वाळवतो. उन्हात घातलं तर वाळायच्या आधी आंबतं. पापडी कुडुम मोडेपर्यंत वाळवून मग तिचं पीठ करतो. मावशींना चव पटलेली नाही. त्यांच्या मते लसूण अजून वाढवायला हवी, आणि पुढच्या घाण्याला गड्ड्या किती हे त्याच ठरवणार आहेत.