तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा प्लेयर खेडेगावात काय करतोय?

कोल्हापूरहून मामाचा फोन आला की पाऊसपाणी झाल्यावर हा प्रश्न येतोच, आणि मेलबर्नला गणपतीत आपल्या मंडळींकडे गेलो तरी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी काढतंच. "तुमच्या त्या गावात एएफएल खेळलेला माणूस कोच आहे म्हणे, एवढा मोठा प्लेयर तिथे कशाला आला, शहरात जमलं नाही का काही?" मी दरवेळी फोनवर अर्धंमुर्धं सांगतो, म्हणून आज एकदा नीट लिहितोय.

आधी एक खुलासा. एएफएल म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग, आणि हे फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी या तालमींच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस, इथे पहिल्या शनिवारी ग्राउंडवर गेलो तर बॉल लांबट, मैदान क्रिकेटचं, एका बाजूला अठरा जण, चार खांब उभे, मधल्या दोनमधून मारला तर सहा पॉइंट आणि बाजूला गेला तरी एक. चुकल्याचाही पॉइंट मिळतो हे मला फार आवडलं. आणि लोक गाड्या बाउंड्रीला नाक लावून उभ्या करतात, थंडीत आतच बसतात, गोल झाला की सगळे एकदम हॉर्न वाजवतात.

आमचं गाव ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला, वँगरॅटा शहरापासून पाऊण तासावर. एक मेन रोड, दोन पब, एक मेडिकल, त्या मेडिकलमध्ये मी. नाव सांगत नाही, कोचचंही सांगत नाही, कारण तो गुडघ्याला बांधायची टेप माझ्याकडूनच नेतो.

तर मामाच्या प्रश्नात गडबड अशी आहे की त्याने धरूनच चाललंय की शहरातून गावात येणं म्हणजे खाली उतरणं. इथला जुना हिशोब बघितला तर उलटंच दिसतं. मेलबर्नच्या मोठ्या लीगने १९३० मध्ये कूल्टर लॉ नावाचा नियम आणला, प्लेयरला मॅचमागे जास्तीत जास्त ३ पाउंड. पुढे आकडा थोडाफार वाढला, पण लाख माणूस बघायला येतंय आणि खेळणारा आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतोय असंच चाललेलं. गावाकडच्या क्लबांना हा नियम लागू नव्हता. गहू आणि लोकरीचा पैसा आला की क्लब सरळ शहरात जाऊन म्हणायचे, आमच्याकडे कोच म्हणून ये, पगार घे, राहायची सोय करतो, नोकरी बघून देतो. आणि कोच म्हणजे बाहेर शिट्टी घेऊन उभा राहणारा नाही हां, तो स्वतः खेळायचाही.

वँगरॅटात दोन क्लब, आणि दोघांचं सख्य आपल्या पेठापेठांइतकंच. एकाने कॉलिंगवुड या मेलबर्नच्या मोठ्या क्लबचा मॅक होल्टन आणला, त्याने १९४९ ते १९५२ सलग चार वर्षं इथल्या ओव्हन्स अँड मरे लीगची प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, जिंकून दिली. दुसरा क्लब, रोव्हर्स, या लीगमध्ये १९५० ला आलेला, नवखा, त्यांनी काय केलं तर त्याच कॉलिंगवुडचा बॉब रोज उचलला. रोज म्हणजे ऐरागैरा नाही. १५२ मॅचेस, १९५३ च्या जिंकलेल्या टीममध्ये होता, क्लबचा वर्षातला बेस्ट प्लेयर चार वेळा. वय सत्तावीस! ऐन भरात. १९५५ चा सीझन संपला आणि हा माणूस बाडबिस्तरा बांधून वँगरॅटाला, तिथे खेळाच्या सामानाचं दुकान, आणि संध्याकाळी ग्राउंडवर प्रॅक्टिस. (त्याच कॉलिंगवुडचा डेस हीली त्याच सुमारास इकडच्याच वोडोंगा गावी गेला, म्हणजे रोज काही एकटा वेडा नव्हता.)

बॉब रोज १९६२ पर्यंत राहिला. १९५८ आणि १९६० ला रोव्हर्सने प्रीमियरशिप घेतली, आणि त्याच दोन वर्षी लीगचा बेस्ट प्लेयर म्हणून मॉरिस मेडलही त्यालाच. होल्टन तर १९५८ ला चक्क खासदार झाला, १९७७ पर्यंत इथल्या इंडाय मतदारसंघाचा खासदार, मंत्रीसुद्धा झाला. हे सांगितल्यावर मामा पहिल्यांदा गप्प बसला, कोचिंगमधून खासदारकी हे गणित त्याला लगेच कळलं.

आणि शहरात जमलं नाही म्हणाल, तर रोजला कॉलिंगवुडने १९६४ मध्ये कोच म्हणून परत बोलावलं. तीन ग्रँड फायनल हरला बिचारा. १९६४ ला ४ पॉइंटने, १९६६ ला १ पॉइंटने, आणि १९७० ला हाफटाइमला ४४ पॉइंटने पुढे असताना १० ने. मला खरंच वाटतं की त्या माणसाला रात्री झोप लागत नसेल तेव्हा वँगरॅटाची ती मैदानं आठवत असतील, पण हे आपलं माझं.

आता तसा पैसा नाही म्हणा. टीव्हीमुळे शहरातले प्लेयर चांगलं कमावतात, आणि गावच्या क्लबांनी पैसे उधळू नयेत म्हणून पगाराला मर्यादा आहे, वर पॉइंट सिस्टीम, म्हणजे जो जितका वर खेळलाय त्याचे तितके जास्त पॉइंट आणि टीमची बेरीज ठराविक आकड्याच्या आत. मग आमचा कोच का आला? मी एकदा टेप देताना विचारलं. म्हणाला बायको इथली, पोरं लहान, आणि तिकडे शेवटची दोन वर्षं मी फक्त दुखापत बरी करत होतो, खेळत नव्हतो. एवढंच. पुढे काही विचारायची सोय नव्हती, मागे आजी खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या.

मामाला शेवटी मी गणपतराव आंदळकरांचं नाव घेऊन सांगितलं. १९६० चे हिंदकेसरी, पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद झाले, पोरं घडवली, तेव्हा कोल्हापुरात कुणी म्हणालं का की आंदळकरांना कुस्ती जमली नाही म्हणून तालमीत बसले? "ते वेगळं," मामा म्हणाला. कसं वेगळं ते सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असते, नंतर क्लबमध्ये सगळ्यांचं जेवण आणि शनिवारची टीम जाहीर. जुलैत हाडं गोठतात. मागच्या महिन्यात बघितलं, सगळे आत गेलेले, आणि हा एका सोळा वर्षांच्या पोराला लाइटखाली बॉल पायावर सोडायला शिकवत होता. बॉल टाकायचा नाही, हाताने पायापर्यंत नेऊन ठेवायचा. वीसेक वेळा तरी तेच. पोराचा एकही धड गेला नाही.

शनिवारी आम्ही सणसणीत हरलो. मी कँटीनमध्ये पाय गरम करायच्या ड्युटीवर (पाय म्हणजे मटणाची पॅटिस समजा, सॉस घालून खातात). कोच लाइनमध्ये उभा. काउंटरवरच्या आजींनी, म्हणजे खोकल्याच्याच, पाय हातात देता देता सांगितलं की फुल बॅकला चुकीचा पोरगा लावलास. तो म्हणाला, हो, चुकलंच. आणि त्यांनी सॉसचे पैसे वेगळे घेतले.