बाटलीवरची तारीख

बेल्जियममध्ये नवीन आलेल्या माणसाच्या हातात कॅफेतलं बिअरचं कार्ड पडलं की तो आधी पानं उलटून बघतो, शेवट कुठे आहे म्हणून. ब्रसेल्सच्या डेलिरियम कॅफेने २००४ साली २,००४ प्रकारच्या बिअर ठेवून गिनेस बुकात नाव लावलं, तो प्रकार पर्यटकांसाठी सोडून द्या. मी राहते त्या ल्युवेनमध्ये, विद्यार्थ्यांच्या गर्दीच्या कॅफेतही, वाचता वाचता दमायला होईल एवढी नावं असतात. मग इथे नोकरीला आलेली आपली मंडळी काय करतात? फोनवर अ‍ॅप घेतात, दर शनिवारी चार नवीन बिअर नोंदवतात, तारे देतात आणि आपला आकडा एकमेकांना दाखवतात. मलाही तो नाद होता. आता सुटलाय, कारण इथे नवीन चव मिळवायला दर वेळी नवीन बिअर लागत नाही. तीच बिअर, फक्त बाटलीवरची तारीख वेगळी, एवढंही पुरतं.

ओर्व्हाल घ्या. बेल्जियमच्या पार दक्षिणेला, फ्रान्सच्या हद्दीजवळ ओर्व्हालचा मठ आहे. मूळ मठ बाराव्या शतकातला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो जाळला गेला, १९२६ पासून पुन्हा उभा राहू लागला आणि बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ मध्ये तिथे ब्रुअरी निघाली. लेबलावर तोंडात अंगठी धरलेला मासा आहे. टस्कनीच्या माटिल्डाची अंगठी झऱ्यात पडली आणि एका ट्राउट माशाने ती वर आणून दिली, अशी दंतकथा. बाजारात हा मठ एकच बिअर विकतो, ६.२ टक्के अल्कोहोलची. एकच! शंभर प्रकार काढणाऱ्या ब्रुअऱ्यांच्या जमान्यात हा हट्ट मला फार आवडतो.

गंमत बाटली भरतानाची. तेव्हा बिअरमध्ये थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालतात, आणि त्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसिस नावाचं एक जंगली यीस्टही आत जातं. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा हे गडी महिनोन्‌महिने सावकाश खात बसतात. म्हणून लेबलावर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते आणि ‘या तारखेआधी प्या’ची मुदत पाच वर्षांची. काही कॅफेंत तर वेटर ऑर्डर घेतानाच विचारतो, ताजी की जुनी?

घरी दोन पेले शेजारी ठेवून हा प्रयोग जरूर करण्यासारखा आहे. एक बाटली भरून तीनेक महिने झालेली, दुसरी दीड वर्षाची. ताजीचा रंग नारिंगी, फेस दाट आणि चिवट, पेल्याच्या काठावर जाळीसारखा चिकटून राहतो. वास संत्र्याच्या सालीचा आणि हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलीच्या, फुलांचा. घोट घेतला की मागून चांगला खणखणीत कडूपणा येतो. दीड वर्षाची ओतताना जपून ओतावी लागते, कारण ती नुसती उसळते. तिचा कडूपणा मागे सरकलेला असतो. संत्रं गेलेलं. त्या जागी जुन्या चामड्याचा, तबेल्याचा, सुक्या गवताचा वास. गोडवा नावालाही उरत नाही, जीभ अगदी कोरडी होते. कुणाला डोळे मिटून दिलं तर या दोन बिअर एकाच कढईतून निघाल्या आहेत हे त्याला पटणार नाही. नवऱ्याला ताजी आवडते, मला जुनी, त्यामुळे घरात भांडण नाही.

त्यासाठी तळघर वगैरे लागत नाही. जिन्याखालचं कपाट चालतं. बाटली उभी, अंधारात, हीटरपासून लांब ठेवायची. उजेडाने हॉप्स बिघडतात आणि बिअरला घाण वास येतो, म्हणून तर बाटल्या तपकिरी असतात. प्यायच्या आधी थोडाच वेळ फ्रिजमध्ये. बारा-चौदा अंशांवर तिची खरी चव लागते. दात शिवशिवतील इतकी गार केली तर सगळ्याच बिअर सारख्या. ओतताना तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवायचा. तो वाईट नसतो, काही लोक वेगळ्या छोट्या पेल्यात घेऊन पितातही, पण पहिल्यांदा चव घेताना नको.

ब्रसेल्सची लॅम्बिक ही आंबट बिअर याच्याही पुढची. तिच्यात यीस्ट कुणी घालतच नाही. आंडरलेख्त भागात, मिडी स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर कांतियों ही ब्रुअरी आहे, १९०० साली सुरू झालेली. बाहेरून एखादं जुनं गोदाम वाटावं. आत जिना चढून माळ्यावर गेलं की छपराखाली तांब्याचं एक प्रचंड, उथळ, चौकोनी भांडं दिसतं. बिअरसाठी उकळलेला धान्याचा काढा रात्रभर त्यात उघडा पडून राहतो. कौलांच्या फटींतून बाहेरची थंड हवा येते, त्या हवेतले आणि त्या जुन्या लाकडातले सूक्ष्मजीव त्यात उतरतात आणि सकाळी तो काढा लाकडी पिंपांत जातो. हे फक्त गार महिन्यांत जमतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री थंडच होईनात, तेव्हा त्यांना काम थांबवावं लागलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यांत कोळ्यांची जाळी आहेत आणि ती मुद्दाम झाडत नाहीत, कारण फळांवरच्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात. हॉप्ससुद्धा मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षं ठेवलेले वापरतात. कडूपणा नको असतो, बिअर टिकवण्याचा गुण तेवढा हवा असतो.

एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरल्या की ती ग्यूझ. एक वर्षाच्या लॅम्बिकमध्ये साखर शिल्लक असते, तिच्यामुळे बाटलीत पुन्हा आंबवण होऊन बुडबुडे येतात; तीन वर्षांची चवीला खोली देते. हे मिश्रण जमवणं ही खरी कारागिरी. दर वर्षीची पिंपं वेगळी, म्हणून दर वर्षीची ग्यूझ वेगळी. कॅफेत ती वेताच्या टोपलीत आडवी निजवून आणतात, गाळ हलू नये म्हणून.

आता चव. पहिला घोट म्हणजे कच्च्या कैरीची फोड चावल्यासारखा, डोळे आपोआप मिटतात. माझा एक सहकारी ब्रसेल्सच्या पश्चिमेच्या पायोटनलँडातला, म्हणजे लॅम्बिकच्याच मुलखातला. त्याने मला आधीच बजावलं होतं, तिसऱ्या घोटापर्यंत तोंड वाकडं करायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. ते अगदी खरं निघालं. जीभ आंबटपणाला सरावली की मागचं एकेक दिसू लागतं: लिंबू, ओलं लाकूड, गवत, शेवटी किंचित मीठ असावं असा भास. त्याच्या वडिलांच्या तळघरात ग्यूझच्या बाटल्या आडव्या रचलेल्या आहेत, लेबल नसलेल्या, प्रत्येकीवर वरच्या बाजूला चुन्याची पांढरी रेघ. बाटली काढताना कुठली बाजू वर होती ते कळावं, गाळ खालीच राहावा, यासाठी ती रेघ. चांगली ग्यूझ वीस वर्षंसुद्धा टिकते.

पण सांभाळणं सोपं नाही. बेर्सेलच्या द्री फोंतेनेन या नावाजलेल्या ब्रुअरीत २००९ मध्ये थर्मोस्टॅट बिघडला, गोदाम तापत गेलं आणि हजारो बाटल्या फुटल्या किंवा वाया गेल्या. मालकाने त्यातली बरीच बिअर गाळून तिचं कडक मद्य केलं आणि तेही विकलं. याला म्हणतात जिद्द.

सगळीच बिअर ठेवून द्यायची नसते, हेही सांगून टाकते. ब्रसेल्सच्याच ब्रासरी द ला सेनची तारास बुल्बा माझी आवडती, ४.५ टक्के, कडू, हलकी. तिचा सगळा जीव ताज्या हॉप्समध्ये, त्यामुळे तारीख बघायची ती जितकी अलीकडची तितकी बरी म्हणून. याउलट रोशफोर १०, म्हणजे ११.३ टक्क्यांची काळी बिअर, कपाटात सुखाने मुरते. वाइनच्या ताकदीची बिअर आहे ही, तेहतीस सेंटिलिटरची एक बाटली दोघांत पुरते. गाडी चालवायची असेल तर पेल्याला हातच लावू नका. ट्रेन आहेत की.

वेस्टफ्लेटरेनच्या मठाची १२ नंबरची, पिवळ्या झाकणाची बिअर जगात सर्वोत्तम, असं तुम्ही ऐकलं असेल. मठात आधी नोंदणी करायची, दिलेल्या वेळी गाडी घेऊन फाटकाशी हजर राहायचं, ठरलेले क्रेट उचलायचे. चांगली आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या धावपळीएवढी चांगली आहे असं मला वाटत नाही. समोरच्या त्यांच्याच इन द व्रेडे कॅफेत बसून एक प्यावी आणि आजूबाजूच्या हॉप्सच्या शेतांतून सायकल हाणावी. मी तेवढंच करते.

कुणी इकडे येऊन लॅम्बिक विकत घेणार असाल तर लेबलावर ‘आउडे’ किंवा फ्रेंचमध्ये ‘व्हिएय’ हा शब्द शोधा. आउडे ग्यूझ, आउडे क्रीक. क्रीक म्हणजे आंबट चेरी घालून मुरवलेली लॅम्बिक. हा शब्द युरोपीय नियमांनी राखलेला आहे, जुन्या पद्धतीने बनवल्याशिवाय लेबलावर लावता येत नाही. हा शब्द नसलेल्या लालभडक क्रीक बहुतेक गोड केलेल्या असतात. त्या आवडल्या तर खुशाल प्या, फक्त कपाटात जपून ठेवू नका, वर्षाने उघडली तरी तीच चव लागेल किंवा थोडी उतरलेली.