सेंट हेलेना: शिडाच्या जहाजावरून उतरून मिळालेला दीड दिवस

केप टाउन सोडून पंधरा दिवस झाले होते. पहाटे चार ते आठच्या पहाऱ्यात मी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभी होते आणि समोर क्षितिजावर एकच ढग जागचा हलत नव्हता. उजाडलं तसा त्याच्याखाली काळपट डोंगर दिसायला लागला. सुमारे १७०० सागरी मैलांत दिसलेली ही पहिली जमीन: दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना हे ब्रिटिश बेट. आग्नेय व्यापारी वारे पाठीशी असल्याने केपहून उत्तरेला निघालेली शिडाची जहाजं अजूनही याच वाटेने येतात.

जवळ गेल्यावर मात्र हिरवं काहीच दिसेना. नुसते उघडे, तपकिरी कडे आणि दोन कड्यांच्या फटीत बसवलेलं जेम्सटाउन, बेटाचं मुख्य गाव. हिरवाई सगळी वर, त्या ढगात.

जहाज धक्क्याला लागत नाही, जेम्स बेमध्ये उभं राहतं आणि होडीतून पायऱ्यांपाशी जावं लागतं. हा उतरण्याचा भाग नीट समजून घ्या. वारा नसला तरी लाटांची फुगी पायऱ्यांवर सतत चढत-उतरत असते. तिथे वर आडव्या दांडीला जाड दोर टांगलेले आहेत. होडी वर येते तेव्हा दोर पकडायचा आणि ती पूर्ण वर असतानाच पाऊल टाकायचं. खाली जायला लागली की थांबायचं, पुढच्या फुगीची वाट बघायची. दोन्ही हात मोकळे हवेत. सामान पाठीवर, फोन आणि पासपोर्ट जलरोधक पिशवीत, पायात पकड असलेले बूट. चपला घालून आलेल्या एका सोबत्याचा पाय शेवाळावर सरकला. दोर हातात होता म्हणून फक्त गुडघा फुटला. जानेवारी ते मार्च या काळात मोठ्या लाटा येण्याची शक्यता जास्त. १८४६ च्या फेब्रुवारीत अशाच लाटांनी इथे उभी असलेली कितीतरी जहाजं फोडली होती. उतरणं रद्द झालं तर कप्तानाशी वाद घालू नका.

कागदपत्रांचं जहाजावरूनच बघितलं जातं, पण वैद्यकीय विमा प्रत्येकाचा लागतो; त्याची छापील प्रत जवळ असू द्या. पैसे रोख न्या. बेटाचा स्वतःचा पाउंड आहे, ब्रिटिश पाउंडाच्या बरोबरीचा, आणि ब्रिटिश नोटा सर्रास चालतात. उलट मात्र होत नाही, म्हणून उरलेल्या स्थानिक नोटा निघण्याआधी बदलून घ्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

आम्ही तीन पाळ्यांत विभागलेलो. एक पाळी कायम जहाजावर राखणीला. माझ्या वाट्याला एक दुपार आणि दुसरा पूर्ण दिवस आला. पहिल्या दुपारी मी चूक केली, थेट जेकब्स लॅडर चढायला घेतला. ६९९ पायऱ्या, सरळ कड्यावर, प्रत्येक पायरी नेहमीपेक्षा उंच. पंधरा दिवस डोलकाठीवर चढत होते म्हणून पाय तयार असतील असं वाटलं होतं. पण जहाजावर हात आणि खांदे कमावले जातात, सलग चालणं होतच नाही. त्यात जमीन अजून डुलत होती. वर पोचले, खाली समुद्रात आमचं जहाज खेळण्याएवढं दिसलं, आणि पोटऱ्या थरथरायला लागल्या त्या दोन दिवस थांबल्या नाहीत. लॅडर चढायचाच तर सकाळी ऊन यायच्या आत चढा, आणि दुसऱ्या दिवशी शिडावर काम असेल तर नकोच.

दुसऱ्या दिवशी चौघांत मिळून चालकासह गाडी केली. हेच करा; बेट जेमतेम १६ किलोमीटर लांब असलं तरी रस्ते वळणांचे आहेत आणि पायी दिवस संपून जातो. सकाळ डायनाज पीकला दिली. ८०० मीटरांहून थोडं उंच शिखर, वर जाणारी चिखलाची वाट आणि दोन्ही बाजूंना झाडाएवढे नेचे. खाली जेम्सटाउन कोरडं तापलेलं आणि इथे पावसाळी जाकीट घालूनही ओलं व्हायला होतं. ही झाडं धुकं अडवतात, ते पानांवरून ठिबकतं आणि बेटाला पाणी मिळतं. आम्ही दोन आठवडे मोजून पाणी वापरलं होतं, त्यामुळे ते ठिबकणं मी बराच वेळ नुसतं बघत उभी राहिले. १६५९ पासून पावणेदोनशे वर्षं हे बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं, ते याच पाण्यासाठी. हिंदुस्थानातून मालाने भरून परतणारी जहाजं इथे पिंपं आणि ताजी भाजी भरून घेत.

नेपोलियनला हद्दपार करून इथे ठेवलं होतं; त्याचं लाँगवुडचं घर मी सोडलं; ते बघायचं तर उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. त्याची रिकामी कबर मात्र बघितली. १८४० मध्ये त्याचा देह फ्रान्सला नेला. शिळेवर नाव नाही, कारण ‘नेपोलियन’ एवढंच लिहायचं की ‘बोनापार्ट’ही, यावर फ्रेंच आणि ब्रिटिशांचं जमलं नाही. तिथून प्लँटेशन हाउसच्या, म्हणजे गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या, हिरवळीवर जोनाथन कासव लांबून बघितलं. ते १८३२ च्या सुमारास जन्मलं असं मानतात.

शेवटी गाडी रूपर्ट्स व्हॅलीत नेली आणि सगळ्यांना सांगेन, इथे जाच. १८४० नंतरच्या तीसेक वर्षांत ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली २५ हजारांहून अधिक आफ्रिकी माणसं या बेटावर उतरवली गेली. हजारो जण इथेच मेले. विमानतळाच्या रस्त्यासाठी खोदताना ३२५ जणांचे सांगाडे सापडले, ते २०२२ मध्ये पुन्हा सन्मानाने पुरले. आम्ही चौघं गप्प होतो. आम्हाला इथे आणणारा वारा त्यांच्याही जहाजांचा होता.

परतताना गावात प्लो खाल्ला: एका भांड्यात शिजवलेला मसालेदार भात आणि मांस. नाव ऐकल्यावर पुलाव आठवतोच.

संध्याकाळी फुगी वाढली होती. होडी तिघा-तिघांनाच घेत होती, म्हणून परतीची ठरलेली वेळ असेल त्याच्या तासभर आधी पायऱ्यांवर पोचा. माझी पाळी आली तेव्हा अंधार पडला होता. मी दोर घट्ट धरला, दोन फुगी जाऊ दिल्या आणि तिसरीला होडीत पाऊल टाकलं.